भोंवळीचें मूळ शोधणारा वैद्य : डॉक्टर प्रॉस्पर मेनिएर

नागपंचमीच्या सुमारास आमच्या बिद्रीच्या मुली फुगड्या घालूं लागल्या म्हणजे एक चमत्कार प्रत्येकीच्या अनुभवास येतो. हात सुटतात, पाय थांबतात, तरी समोरचें घर, अंगणांतील झाड, शेजारचा कट्टा हीं सारीं फिरतच राहतात, आणि खेळणारी मुलगी भिंतीस टेकून हंसत उभी राहते. शरीर थांबलें असतां जग कां फिरावें, हा प्रश्न कोणी फारसा विचारीत नाहीं. दोन क्षणांत सर्व कांहीं जागच्या जागीं येतें आणि दुसरी फुगडी सुरू होते.

परंतु असेहि कित्येक दुर्दैवी जीव आहेत कीं, ज्यांना फुगडी न घालतांच ही भोंवळ येते. सकाळीं अंथरुणांतून उठावें तों घर गरगर फिरूं लागतें, ओकाऱ्या होतात, एका कानांत अखंड घोंघावण्याचा आवाज सुरू होतो आणि त्याच कानानें ऐकूं येईनासें होतें. घरचीं माणसें घाबरून जातात. कोणी पित्त म्हणतो, कोणी दृष्ट लागली म्हणतो, कोणी कांदा फोडून नाकाशीं धरतो, आणि एखादा शहाणा शेजारी हा अर्धांगाचाच झटका असल्याचें सांगून मोकळा होतो. आमच्या खेड्यांतील या अडाणीपणास हंसण्याचें कारण नाहीं. १८६१ सालापर्यंत पॅरिससारख्या राजधानींतले नामांकित वैद्यहि याहून फारसें निराळें सांगत नव्हते. मेंदूंत रक्त सांचलें, असें ते म्हणत, आणि रोग्याची शीर तोडून रक्त काढीत, जळवा लावीत, जुलाब देत व त्याला उपाशी ठेवीत. आधींच ओकून ओकून गळालेल्या माणसाची या उपचारांनीं काय दशा होत असेल, याची कल्पनाच करावी. हा दोष मेंदूचा नसून कानाचा आहे, हें ज्यानें प्रथम ठामपणें सांगितलें, त्या डॉक्टर प्रॉस्पर मेनिएर याचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

चरित्राकडे वळण्यापूर्वीं कानाच्या आंतल्या घराची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. बाहेरून दिसतो तो कान म्हणजे केवळ दरवाजा होय. त्याच्या आंत पडदा, पडद्यामागें हातोडी, ऐरण व रिकीब यांच्या आकाराचीं तीन चिमुकलीं हाडें, आणि त्याहिपलीकडे, कानशिलाच्या अत्यंत कठीण हाडांत कोरलेला एक चक्रव्यूह आहे. यालाच अंतःकर्ण म्हणतात. त्याचा एक भाग गोगलगाईच्या शंखासारखा वळलेला असून तो ऐकण्याचें काम करतो. दुसऱ्या भागांत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या परस्परांशीं काटकोन करून बसविलेल्या आहेत, आणि शरीराचा तोल त्या सांभाळतात. या घरास मध्यकर्णाच्या बाजूनें दोन खिडक्या आहेत. एका खिडकींत रिकिबीचा तळवा बसलेला असतो व दुसरीवर कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा असतो. या घरांत हवा भरलेली आहे अशीच ग्रीकांच्या काळापासून समजूत होती. नेपल्स येथील डोमेनिको कोतुन्यो नांवाच्या तरुण शरीरशास्त्रज्ञानें ताजीं प्रेतें फाडून पाहिलीं आणि हें घर हवेनें नव्हे तर पाण्यानें भरलेलें आहे असें १७६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत दाखविलें. तें पाणी मोजूं गेल्यास चार-पांच थेंबांहून अधिक भरणार नाहीं. पण त्या थेंबांवर आपलें ऐकणें व आपलें उभें राहणें अवलंबून आहे. फुगडी घालतांना हें पाणी फिरूं लागतें, आणि फुगडी थांबली तरी पाणी लगेच थांबत नाहीं. म्हणून मेंदूस अजून आपण फिरतच आहों अशी वर्दी जात राहते. मुलींनो, जग कां फिरतें याचें उत्तर हें असें तुमच्याच कानांत आहे.

आतां मूळ विषयाकडे वळूं. मेनिएरचा जन्म फ्रान्स देशांतील आंजे या शहरीं १८ जून १७९९ रोजीं एका व्यापाऱ्याच्या घरीं झाला. फ्रेंच राज्यक्रांतीचा वणवा विझून नेपोलियनचा उदय होण्याचा तो काळ. प्राथमिक वैद्यकीय शिक्षण गांवींच आटोपून तो १८१९ सालीं पॅरिसला आला. अभ्यासांत तो इतका तरबेज होता कीं, १८२६ सालीं त्यास सुवर्णपदक मिळालें व १८२८ सालीं तो डॉक्टर झाला. ओतेल-द्यू या पॅरिसच्या पुरातन रुग्णालयांत द्युप्युत्रां नांवाच्या विख्यात शस्त्रवैद्याच्या हाताखालीं त्यास काम करावयास मिळालें. १८३० सालच्या जुलै महिन्यांत पॅरिसच्या रस्त्यांवर तीन दिवस बंडाची लढाई पेटली. जखमी माणसांच्या रांगा रुग्णालयांत येऊं लागल्या. मेनिएरनें त्यांची शुश्रूषा तर केलीच, परंतु कोणती जखम कशी होती, काय केलें असतां ती भरली आणि काय केलें असतां चिघळली, याची नोंद ठेवून तिचें एक पुस्तकच त्याच वर्षीं छापलें. आमच्या मतें या मनुष्याचा सगळा स्वभाव या एका गोष्टींत दिसून येतो. धामधुमींतहि त्याची लेखणी थांबत नसे.

पुढें १८३३ सालीं सरकारनें त्याच्यावर एक चमत्कारिक कामगिरी सोंपविली. पदच्युत राजघराण्याची सून, बेरीची डचेस, ही बंडाळीच्या आरोपावरून बोर्दो शहराजवळील ब्ले येथील किल्ल्यांत कैदेंत होती. ही विधवा राजस्त्री गरोदर असल्याचें उघडकीस आल्यामुळें तिच्या प्रकृतीवर नजर ठेवण्यास एक विश्वासू वैद्य पाहिजे होता. मेनिएर तेथें राहिला. वैद्य म्हणून ती रोगी, आणि सरकारचा माणूस म्हणून ती कैदी, अशा दुहेरी संकटांत सांपडूनहि त्यानें तेथील दिवसांची रोजनिशी लिहिली. ती त्याच्या मागून, १८८२ सालीं, त्याचा मुलगा एमिल यानें प्रसिद्ध केली. १८३५ सालीं दक्षिण फ्रान्समध्यें पटकीची सांथ आली तेव्हां तिकडेहि त्यालाच धाडण्यांत आलें, व त्या सेवेबद्दल त्यास सरकारी सन्मानचिन्ह मिळालें. इतकें असूनहि वैद्यकशाळेंत प्राध्यापकाची जागा मिळविण्याचा त्याचा प्रयत्न फसला. तो सफल झाला असता तर कदाचित् आज हा लेख लिहिण्याचें आम्हांस कारणच पडलें नसतें.

कारण १८३८ सालीं पॅरिसच्या मूकबधिर संस्थेचा मुख्य वैद्य इतार हा मरण पावला व ती जागा मेनिएरकडे आली. ही संस्था अठराव्या शतकांत दे लेपे नांवाच्या एका पाद्र्यानें उभारली होती, आणि मुक्या-बहिऱ्या मुलांना खुणांच्या भाषेंतून विद्या देणारी म्हणून ती सर्व युरोपांत प्रसिद्ध होती. (आपल्या इकडे मुंबईस माझगांव येथें मूकबधिरांची पहिली शाळा निघावयास १८८५ साल उजाडावें लागलें, तीहि मिशनच्याच हातून निघाली.) मेनिएरच्या आधीं इतारनें या मुलांचे कान बरे करण्यासाठीं जळवा, डागण्या, पडद्यास भोंक पाडणें असे नाना क्लेशकारक उपाय वर्षानुवर्षें करून पाहिले होते. त्यांचा उपयोग शून्य झाला. मेनिएरनें तो मार्ग सोडून दिला. जन्मतः बहिरें असलेलें मूल औषधानें ऐकूं लागत नाहीं, त्याला छळण्यापेक्षां त्याला शिकवावें, असें त्याचें मत पडलें, व मूकबधिरांचे उपचार आणि शिक्षण यांवर त्यानें १८५३ सालीं ग्रंथ लिहिला. आपल्या हातून बरें होणार नाहीं हें वैद्यानें स्वच्छ कबूल करणें, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाहीं.

त्याचें लग्न बेकेरेल या शास्त्रज्ञांच्या घराण्यांत झालें. याच कुळांतील हेन्री बेकेरेलनें पुढें १८९६ सालीं युरेनियमचे अदृश्य किरण शोधून काढले. मेनिएरला ऑर्किडच्या फुलांचा मोठा नाद होता, लॅटिन कवींचा व्यासंग होता. त्या कवींच्या काव्यांतील वैद्यकावर त्यानें पुस्तकहि लिहिलें. ह्यूगो, बाल्झाक यांसारख्या साहित्यिकांशीं त्याचा परिचय होता. क्रामर या जर्मन कर्णवैद्याचा ग्रंथ त्यानें १८४८ सालीं फ्रेंचमध्यें उतरविला आणि त्यांत स्वतःच्या अनुभवाच्या टीपा घातल्या. त्या टीपांतच पुढच्या शोधाचें बीं पडलेलें होतें.

तो शोध असा. बहिरेपणाची तक्रार घेऊन येणाऱ्या रोग्यांस मेनिएर त्यांचा सगळा वृत्तांत सावकाश विचारी. पुष्कळांच्या सांगण्यांत एकच हकीकत पुन्हां पुन्हां येऊं लागली. धडधाकट माणूस एकाएकीं भोंवळ येऊन कोसळतो, ओकतो, घामाघूम होतो, कानांत गलका उठतो. कांहीं वेळानें सर्व शांत होतें. माणूस उठून कामास लागतो, परंतु एका कानाचें ऐकणें थोडें कमी झालेलें असतें. असे झटके महिनोन्महिने, वर्षानुवर्षें येत राहतात व शेवटीं तो कान जवळ जवळ बहिरा होतो. मेनिएरच्या मनांत आलें कीं, हा मेंदूंतील रक्ताचा झटका असता तर इतक्या वेळां पडलेल्या या माणसाचा हात लुळा पडावयास पाहिजे होता, जीभ अडखळावयास पाहिजे होती. तसें कांहींच होत नाहीं. बिघडतो तो प्रत्येक वेळीं कानच. मग चोर कानांतच कां शोधूं नये?

याच सुमारास त्याच्या पाहण्यांत आलेली एक तरुण मुलगी त्याच्या स्मरणांत कायमची राहिली. थंडींत, रात्रीच्या वेळीं, घोड्यांच्या गाडीच्या छपरावर बसून तिनें प्रवास केला. तिला एकाएकीं संपूर्ण बहिरेपण आलें, जराशी हालचाल होतांच भोंवळ व ओकारी होऊं लागली, आणि पांचव्या दिवशीं ती मरण पावली. मेनिएरनें शवपरीक्षा केली. मेंदू व पाठीचा कणा यांत कांहीं दोष नव्हता. मात्र कानाच्या अर्धवर्तुळाकार नळ्यांत तांबूस द्रव भरलेला होता. फ्लूरांस नांवाच्या शास्त्रज्ञानें कबुतरांच्या या नळ्या कापल्या असतां तीं पक्षी गरगर फिरूं लागतात हें पूर्वींच दाखविलेलें होतें. दोन धागे जुळले.

८ जानेवारी १८६१ रोजीं, वयाच्या बासष्टाव्या वर्षीं, मेनिएरनें पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढें आपला निबंध वाचला. सभेवर त्याचा फारसा परिणाम झाला नाहीं. ज्यांनीं जन्मभर अशा रोग्यांचें रक्त काढलें, त्यांना आपण काढलेलें रक्त फुकट गेलें हें एका बैठकींत कसें पटावें? मेनिएर खचला नाहीं. त्या एकाच वर्षांत त्यानें पॅरिसच्या वैद्यकीय गॅझेटांत एकामागून एक लेख लिहून आपले पुरावे मांडले. पुढचें वर्ष मात्र त्याच्या वांट्यास आलें नाहीं. ७ फेब्रुवारी १८६२ रोजीं फुफ्फुसाच्या दाहानें त्याचा अंत झाला. निबंध वाचून उणेपुरे तेरा महिने झाले होते. १८६७ सालीं व्हिएन्नाच्या पोलिट्झरनें या रोगास मेनिएरचें नांव दिलें, आणि आज जगांतील सर्व वैद्य तेंच नांव वापरतात. स्वतः मेनिएरला त्यांतलें कांहींच कळलें नाहीं.

त्या मुलीचें उदाहरण मात्र मेनिएरच्या रोगाचें खरें उदाहरण नव्हे, असें पुढील विद्वानांस आढळून आलें. या रोगानें असा झटपट मृत्यु येत नाहीं. दाखला चुकला, पण दिशा बरोबर ठरली. खरें कारण १९३८ सालीं लंडनचे हॉलपाइक व केर्न्स यांनीं, आणि त्याच वर्षीं जपानांत यामाकावा यानें, मेलेल्या रोग्यांचीं कानशिलाचीं हाडें सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून दाखविलें. या रोगांत आंतल्या पिशवींतील पाणी वाढून ती फुगते. बोर्दोच्या पोर्तमान नांवाच्या शस्त्रवैद्यानें तर त्याच्याहि आधीं, १९२६ च्या सुमारास, या पाण्याच्या थैलीस छेद देऊन भार हलका करण्याचा प्रयत्न केला होता.

दूधगंगा-वेदगंगेच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या आमच्या पालकांस येथें निराळा दृष्टांत नको. पाटाला पाणी जास्त झालें तर शेताचें नुकसान, आणि पाटाचा बांध फुटला तरीहि नुकसानच. कानांतहि तसेंच आहे. मेनिएरच्या रोगांत पाणी चढतें. दुसऱ्या एका दुखण्यांत त्या दोन खिडक्यांपैकीं एखादीस बारीकशी चीर पडून पाणी मध्यकर्णांत झिरपूं लागतें. डोक्यास मार बसणें, जड ओझें उचलतांना जोर करणें, नाक-तोंड दाबून शिंक अडविणें, पाणबुड्यास किंवा विमानांतील उतारूस हवेच्या दाबाचा धक्का बसणें, हीं त्याचीं कारणें होत. कांहीं मुलांना जन्मतःच कच्ची खिडकी मिळालेली असते. लक्षणें पाहूं गेल्यास पुष्कळशीं तींच : भोंवळ, कानांतला आवाज, ओसरणारें ऐकणें, शिवाय मोठा आवाज ऐकतांच किंवा कुंथतांच तोल जाणें. अमेरिकेंतील जॉन शे यानें १९५६ सालीं गोठलेली रिकीब काढून तेथें कृत्रिम बसविण्याची शस्त्रक्रिया केली आणि हजारों बहिऱ्यांस ऐकूं येऊं लागलें. परंतु कांहींजणांच्या त्या नव्या खिडकींतून पाणी गळूं लागल्याचें दिसलें, तेव्हां या दुखण्याकडे कर्णवैद्यांचें विशेष लक्ष गेलें. पुढें शस्त्रक्रिया न झालेल्या कानांतहि अशी गळती सांपडूं लागली.

उपाय काय? प्रथम शस्त्र नव्हेच. रोग्यास आठ-पंधरा दिवस डोकें उंच ठेवून स्वस्थ निजवितात, ओझें उचलूं देत नाहींत, शौचास जोर करावा लागूं नये अशी व्यवस्था ठेवतात, आणि शिंक आल्यास ती तोंड उघडें ठेवून देण्यास सांगतात. पुष्कळदां एवढ्यानेंच चीर भरून येते. न भरल्यास, किंवा ऐकणें झपाट्यानें उतरूं लागल्यास, शस्त्रवैद्य कानाच्या भोंकावाटे सूक्ष्मदर्शकाच्या उजेडांत पडदा एका कडेनें हळूच उचलतो आणि त्या दोन खिडक्या न्याहाळतो. गळती दिसो वा न दिसो, रोग्याच्याच कानाच्या पाळींतील चरबीचा कण, किंवा कानावरच्या स्नायूचें पातळ आवरण, किंवा कूर्चेवरील पापुद्रा घेऊन तो खिडकीभोंवतीं लिंपतो व पडदा पुन्हां जागेवर बसवितो. बांधाला ओली माती थापावी त्यांतलाच प्रकार. फरक इतकाच कीं, येथें खिडकी दाण्याएवढी आणि हात जराहि हलतां कामा नये.

गळती दिसो वा न दिसो, असें आम्हीं मुद्दाम लिहिलें. अर्ध्या थेंबाचें झिरपणें डोळ्यांनीं पाहणें फार कठीण. बधिर करण्याच्या औषधाचा ओलावादेखील तसाच दिसतो. म्हणूनच हें दुखणें खरोखर किती जणांस होतें याविषयीं वैद्यांत आजहि दोन तट आहेत, आणि जपानांतील संशोधकांनीं या पाण्यांतच सांपडणारें एक प्रथिन ओळखून निदान करण्याची पद्धति काढली आहे. शस्त्रक्रियेनें भोंवळ बहुधा थांबते. गेलेलें ऐकणें मात्र परत येईलच असा भरंवसा कोणीहि प्रामाणिक शस्त्रवैद्य देत नाहीं.

हें लिहीत असतां आम्हांस आमच्या स्वतःच्या हाताची आठवण होते. शिक्षक म्हणून आमच्या आरंभीच्या वर्षांत, गृहपाठ न आणणाऱ्या एका मुलाच्या कानशिलांत आम्हीं मारली होती. त्याचा कान तीन दिवस दुखत होता, आणि त्याचे वडील शाळेंत येऊन उलट आम्हांसच, आणखी दोन द्यायच्या होत्या, असें सांगून गेले. कानावर उघड्या तळव्यानें मारलेल्या चापटीनें हवा आंत दाबली जाऊन पडदा फाटूं शकतो, आणि धक्का फार मोठा असेल तर आंतल्या खिडक्यांनाहि इजा होऊं शकते, हें आम्हांस तेव्हां ठाऊक नव्हतें. त्या मुलाचा कान सुदैवानें बरा झाला. तेव्हांपासून आम्हीं कोणाच्या कानास हात लावलेला नाहीं, आणि पालकांनींहि लावूं नये.

शस्त्रक्रियेनंतर रोगी घरीं येतो तेव्हां त्याची खरी कसोटी लागते. कांहीं आठवडे त्यानें वांकून ओझें उचलावयाचें नाहीं, नाक जोरानें शिंकरावयाचें नाहीं, पोहावयाचें नाहीं. पाण्याची घागर डोक्यावर घेणाऱ्या बाईला आणि उसाची मोळी खांद्यावर मारणाऱ्या गड्याला हें पथ्य फार जड जातें, आणि घरच्यांनाहि तें आळसासारखें दिसतें. बाहेरून तर माणूस धडधाकट दिसतो. जखम कोठें दिसत नाहीं, पट्टी दिसत नाहीं, ताप नाहीं. मेनिएरपुढें येऊन बसणारे रोगीहि असेच दिसत असत.